एक टनाचं मशीन घरात नेताना

अमेरिकेत घराला लागून गाडीसाठी गॅरेज बांधलेलं असतं. त्यातल्या काही गॅरेजांमध्ये गाडी कधीच उभी राहत नाही. ती बाहेर पावसात असते आणि आतली जागा लेथ, ड्रिल आणि मिलिंग मशीनला दिलेली असते. ही माणसं पोटासाठी यंत्रकाम करत नाहीत. कोणी वाफेच्या इंजिनाची लहान चालती प्रतिकृती बनवतो, कोणी जुन्या मोटरसायकलचा बाजारात न मिळणारा भाग स्वतः कापून काढतो. छोट्या कामाला छोटं नवं मशीन का घेत नाही, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: जुनं जड मशीन एकदा चालवून बघा.

त्यांच्याकडे सर्वांत जास्त दिसणारं जुनं मशीन म्हणजे ब्रिजपोर्ट. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम यांनी १९३२ मध्ये वेगाने फिरणारं एक मिलिंग हेड बनवलं. ते दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनवर बसवायचं जोडयंत्र होतं. पुढे १९३८ मध्ये त्यांनी त्या हेडखाली स्वतःचा सांगाडा उभा केला, आणि टरेट मिलिंग मशीनचं जे रूप आज जगभर दिसतं ते तयार झालं. अशी साडेतीन लाखांहून अधिक ब्रिजपोर्ट मशीनं बनली आणि त्यांच्या घडणीवर बेतलेली इतरांची मशीनं वेगळीच. आपल्याकडच्या टूलरूममध्ये ज्याला सगळे ‘एम वन टीआर’ म्हणतात, तेही याच घडणीचं. कारखान्यांत संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आली, शाळांतले कार्यशाळेचे वर्ग बंद झाले, आणि ही हाताने चालवायची मशीनं विक्रीला निघाली. घरगुती कारागिराला ती परवडू लागली. अडचण उरली ती मशीनं घरी नेण्याची. नेहमीच्या आकाराचं ब्रिजपोर्ट साधारण ९०० ते १००० किलोचं असतं आणि उभ्या माणसापेक्षा उंच असतं.

हे वजन कसं हलवायचं, हाच या लेखाचा विषय आहे. पण आधी हे वजन हवंच कशाला, ते पाहू.

मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि काम टेबलावर पक्कं धरलेलं असतं. कटरला दोन, चार किंवा जास्त दात असतात. प्रत्येक दात धातूत शिरतो, कपचा काढतो, बाहेर पडतो. म्हणजे कापणं अखंड नसतं, तो ठोक्यांचा सिलसिला असतो. चार दातांचा कटर मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला चार हजार ठोके. मशीनचा सांगाडा लवचीक असला तर प्रत्येक ठोक्याला कटर किंचित मागे सरतो आणि पुन्हा पुढे झेपावतो. ही थरथर ठोक्यांच्या तालाशी जुळली की वाढतच जाते, मशीन किंचाळतं आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. याला कारागीर ‘चॅटर’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे जाड ओतीव लोखंड. करड्या बिडाच्या पोटात ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि थरथरीची ऊर्जा ते गिळतात. पोलादात हा गुण बराच कमी असतो. टेबलावर ठेवायच्या पन्नास-साठ किलोच्या मशीनवर पोलादात अर्धा मिलिमीटर खोल काप घेतानाही हात आखडता घ्यावा लागतो. ब्रिजपोर्टवर तोच काप सहज जातो. म्हणून मशीन हलवताना जे वजन नकोसं वाटतं, त्याच्यासाठीच पैसे मोजलेले असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता अंगरचना पाहू, कारण हलवण्याची सगळी युक्ती तिच्यावर अवलंबून आहे. खाली बैठक आणि तिच्यातूनच वर गेलेला पोकळ खांब, म्हणजे कॉलम. कॉलमच्या पुढच्या बाजूला उभ्या सरकपट्ट्यांवर वर-खाली होणारा भाग तो नी, म्हणजे गुडघा. नीवर पुढे-मागे सरकणारं सॅडल, सॅडलवर डावी-उजवीकडे सरकणारं लांब टेबल. हे टेबल साधारण नऊ इंच रुंद आणि बेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस इंच लांब असतं. कॉलमच्या माथ्यावर गोल फिरणारा टरेट, टरेटवर पुढे-मागे सरकणारा रॅम, आणि रॅमच्या टोकाला हेड. हेडमध्ये मोटर, पट्ट्याच्या पुली, गिअर आणि क्विल. क्विल म्हणजे स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला, पोटात घेऊन पाच इंच खाली-वर होणारी नळी.

या रचनेत दोन गोष्टी हलवणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. जवळजवळ प्रत्येक भाग सरकवता किंवा फिरवता येतो, त्यामुळे वजनाचा तोल आपल्याला हवा तसा बदलता येतो. आणि भाग बोल्टने जोडलेले असल्याने गरज पडली तर मशीन सुटं करता येतं. एक गोष्ट विरोधात आहे: बैठक अरुंद, जेमतेम दोन फूट रुंद, आणि जड हेड अगदी वर.

विकत घेतानाची तपासणी थोडक्यात सांगतो. सरकपट्ट्यांवर हाताने स्क्रेपिंग केल्याच्या चंद्रकोरीसारख्या खुणा असतात. त्या सगळीकडे दिसत असतील तर झीज कमी. कडेला आहेत आणि मधोमध पुसल्या गेल्या आहेत असं असेल तर मशीनने बरीच वर्षं टेबलाच्या मध्यावरच काम केलेलं आहे. टेबलाचं चाक मध्याजवळ फिरवून बघावं आणि मग दोन्ही टोकांकडे. मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागलं तर पट्ट्याच झिजलेल्या आहेत. मध्य घट्ट करायला गिब, म्हणजे सरकपट्टीतला सैलपणा काढायची निमुळती पट्टी, आवळली तर टोकांना टेबल अडकणार, आणि हा दोष घरी दुरुस्त होत नाही. चाक उलट फिरवताना टेबल हलण्याआधी जो रिकामा फेरा जातो, तो मात्र घाबरण्यासारखा नसतो. तो स्क्रू आणि ब्राँझच्या नटमधला असतो, नट आवळता किंवा बदलता येतो, आणि कारागीर त्याचा हिशेब धरून काम करायला शिकतोच. स्पिंडल सगळ्या वेगांवर चालवून ऐकावा. टेबलावर ड्रिलची चुकीची भोकं असतील तर मला त्यांचं फारसं वाटत नाही. जंग मात्र पाहावा, तोही टेबलावरचा नव्हे, नीच्या सरकपट्ट्यांवरचा.

आता हलवणं. वजन ऐकून बहुतेकांचं मन उचलण्याकडे धावतं: किती टनांचा हॉइस्ट लागेल, किती माणसं लागतील? खरा प्रश्न कलंडण्याचा आहे. या कामात लोक जखमी होतात, मशीनं फुटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ते आकड्यांत मांडून बघू.

कोणतीही उभी वस्तू एका बाजूला कलली की तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा बैठकीच्या कडेकडे सरकते. रेषा कडेबाहेर गेली की वस्तू पडते. समजा बैठक साठ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तीस, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आहे. तर सुमारे १७ अंश कलल्यावर मशीन आपणहून खाली येईल. सतरा अंश पुष्कळ वाटतात. पण ट्रेलरच्या उताराचे काही अंश, रस्त्यातल्या खड्ड्याचे काही, आणि वरून बसलेला एक धक्का, एवढ्यात ते संपतात.

आता नी शक्य तितका खाली घ्या, टेबलासकट. हेडही उलटं करा, म्हणजे मोटर खाली येईल. समजा या दोन्हींमुळे गुरुत्वमध्य ऐंशी सेंटिमीटरवर आला. पडण्याचा कोन सुमारे २१ अंश झाला. फायदा आहे, पण अपेक्षेपेक्षा कमी. आता दुसरा उपाय. बैठकीला चार कोपऱ्यांत बोल्टसाठी भोकं असतात. त्यांतून दोन जाड लाकडी ओंडके आडवे बोल्टने आवळा, एक पुढे, एक मागे, असे की दोन्ही बाजूंना ते एकेक फूट बाहेर येतील. बैठक एकदम एकशे वीस सेंटिमीटर रुंद झाली. ओंडक्याच्या जाडीने मशीन थोडं उंच होईल ते धरूनही पडण्याचा कोन तीस अंशांच्या वर जातो. वरचं वजन खाली आणण्यापेक्षा पाया रुंद करण्याचा परिणाम मोठा असतो. दोन ओंडके आणि चार बोल्ट, याहून स्वस्त विमा मला माहीत नाही. शिवाय मशीन ओंडक्यांच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आडवं, सरकवलं की जी बाजू मुळात कच्ची होती तिलाच लांब पाया मिळतो.

हेड उलटं करण्याला तरीही एक वेगळं कारण आहे, आणि ते म्हणजे उंची. अमेरिकेतल्या गॅरेजचं दार बहुधा सात फुटी असतं. मोटर वर असलेलं ब्रिजपोर्ट त्या उंचीच्या आसपास किंवा वर जातं आणि त्यात ओंडके, रूळ किंवा पॅलेट ट्रकची उंची मिळवली की ते दारात अडतं. हेड रॅमच्या तोंडाला चार बोल्टने धरलेलं असतं आणि एका वर्म गिअरने फिरतं. आधी कटर आणि त्याला वरून ओढून धरणारा लांब ड्रॉबार काढायचा. मग चारही नट फक्त सैल करायचे, काढायचे नाहीत. एकाने मोटरला दोन्ही हातांनी आधार द्यायचा, दुसऱ्याने पान्याने वर्म फिरवत हेड सावकाश वळवायचं. गिअर झिजलेला असेल तर मोटरच्या वजनाने हेड झटक्यात फिरू शकतं, म्हणून आधाराचा माणूस हवाच. पूर्ण उलटं झालं की नट आवळायचे, आणि नी थोडा वर घेऊन मोटर आणि टेबल यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा बसवायचा. फार दाबायचं नाही, नुसता टेकला पाहिजे. उलट्या हेडमधून जुनं तेल ठिबकतं, त्यासाठी खाली चिंध्या पसराव्यात.

उचलायची वेळ आलीच तर रुंद कापडी पट्टा रॅमच्या खालून, टरेटच्या पुढून-मागून घेऊन हुकात अडकवतात. बऱ्याच रॅमवर आय-बोल्टसाठी आटे असलेलं भोकही असतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रॅमला धरून मशीन उचललं की खालचा सगळा कॉलम, नी आणि टेबल टरेटच्या बोल्टवर लटकतात. म्हणून उचलण्याआधी टरेटचे आणि रॅमचे सगळे बोल्ट पान्याने आवळून बघायचे, जरी विकणारा ‘घट्टच आहेत’ म्हणाला तरी. टेबलाला, त्याच्या चाकांना किंवा स्क्रूला पट्टा कधीही बांधायचा नाही. हुकाने ताण घेतला की मशीन फक्त एक सेंटिमीटर उचलायचं आणि थांबायचं. ते पुढे झुकलं तर खाली टेकवायचं, रॅम थोडा मागे सरकवायचा, आवळायचा, पुन्हा सेंटिमीटरभर उचलायचं. तोल साधेपर्यंत असं करत राहायचं. रॅम हा इथे तराजूच्या दांडीचं काम करतो.

घरगुती कारागिरांकडे गाडीचं इंजिन काढायचा दोन टनांचा हॉइस्ट बहुधा असतो. त्यावर लिहिलेले दोन टन बाहू सर्वांत आखूड असतानाचे असतात. बाहू पूर्ण लांब केला तर तोच हॉइस्ट अर्ध्या टनाचा होऊन बसतो. बाहूवरची ती भोकं आणि त्यांच्यापुढचे आकडे वाचल्याशिवाय हुक अडकवू नये. आणि अशा हॉइस्टवर लटकलेलं मशीन घेऊन चालायचं नाही. मशीन उचलायचं, खाली गाडी किंवा ट्रेलर सरकवायचा, मशीन टेकवायचं. लटकतं वजन झोका घेतं आणि झोका हॉइस्टला बरोबर घेऊन जातो.

माझं मत असं आहे की घरातल्या कामात उचलण्याची गरज फार कमी पडते. पहार आणि रूळ पुरतात. दीड मीटर लांबीची पहार बैठकीच्या कडेखाली पाच सेंटिमीटर सरकवली आणि लगेच तिच्यामागे टेकू दिला, तर आपल्या हाताचा जोर सुमारे तीस पट होतो. हजार किलोच्या मशीनची एक कड उचलायला साधारण निम्मं, म्हणजे पाचशे किलो लागतं. भागिले तीस, म्हणजे सतरा किलो. एक माणूस एका हाताने मशीनची कड उचलू शकतो. उचललेली फट लगेच पॅकिंगने भरायची, आधी पातळ फळी, मग जाड ठोकळा. एक इंच उचललं की एक इंच पॅकिंग, हा नियम मोडायचा नाही. हात कधीही फटीत घालायचा नाही, पॅकिंग काठीने ढकलायचं.

ओंडक्यांखाली फट झाली की तिथे पोलादी पाइप घालायचे, साधारण एक इंच जाड आणि ओंडक्यांच्या अंतरापेक्षा लांब. किमान चार. मशीन पुढे सरकतं तसा मागे सुटणारा पाइप उचलून पुढे लावायचा. मशीनखाली तीन पाइप सतत असलेच पाहिजेत, म्हणजे एक सुटला तरी तोल दोहोंवर राहतो. वळायचं असेल तर पुढचे पाइप हातोडीने थोडे तिरपे करायचे, मशीन त्या दिशेने जातं. सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर दोन माणसं एक टनाचं मशीन अशा रीतीने आरामात ढकलतात. त्याआधी जमीन झाडून घ्यावी, कारण चण्याएवढा खडाही पाइप अडवतो. अंगणात खडी किंवा माती असेल तर प्लायवुडच्या जाड पट्ट्या अंथरायच्या आणि मागची पुढे आणत जायचं.

पुण्या-मुंबईतले आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले मशीन हलवणारे खलाशी हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पहार, रूळ, चेन ब्लॉक आणि सगळ्यांनी एकाच्याच आवाजावर हलायचं. शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरच्या कामात चार मित्र जमतात, प्रत्येकाला सूचना द्यायच्या असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. एकानेच बोलावं. बाकीच्यांपैकी कोणालाही ‘थांबा’ एवढं ओरडण्याचा हक्क असावा.

आणि मशीन पडू लागलं तर पडू द्यावं. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं, कारण त्या क्षणी हात आपोआप आधार द्यायला पुढे जातात. टनाचं मशीन कोणी हाताने सावरू शकत नाही. बाजूला उडी मारायची. पडण्याच्या संभाव्य दिशेला कोणी उभं राहायचंच नाही, आणि उतारावर मशीनच्या खालच्या बाजूला तर अजिबात नाही.

वाहतुकीला लोक भाड्याने असा ट्रेलर घेतात ज्याची फळी सपाटच्या सपाट जमिनीपर्यंत खाली येते. त्यावर मशीन रुळांवरून सरकवता येतं, उतार चढावा लागत नाही. तो मिळत नसेल तर बिघडलेल्या गाड्या उचलून नेणारा, फळी तिरपी होणारा ट्रक आणि त्याची विंच उपयोगी पडते. साध्या ट्रेलरवर मशीन चाकांच्या अक्षाच्या थोडं पुढे ठेवायचं, म्हणजे एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर येतो. मशीन अक्षाच्या मागे गेलं तर वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके खाऊ लागतो आणि मग गाडी आवरत नाही. पट्टे चार कोपऱ्यांकडे, काही बैठकीवरून आणि काही रॅमवरून. अमेरिकी नियमानुसार सगळ्या पट्ट्यांची मिळून कामाची क्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी हवी. हा खालचा आकडा आहे. उंच आणि अरुंद मशीनला मी याच्या दुप्पट बांधीन. काही किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण लाकूड दबतं आणि पट्टे सैल पडतात.

तळघर हा वेगळा प्रकार आहे. अमेरिकेच्या थंड भागांत अनेक घरांना तळघर असतं आणि कार्यशाळा तिथेच थाटली जाते. लाकडी जिन्यावरून अख्खं मशीन उतरवू नये, सुटं करावं. हेड आधी, मग रॅम, टरेट, टेबल, सॅडल, नी आणि शेवटी कॉलम. टेबल काढायला एका टोकाचं चाक आणि बेअरिंगचा कंस काढतात, स्क्रू नटमधून बाहेर फिरवतात, निमुळती गिब ओढून काढतात आणि टेबल बाजूला सरकवून घेतात. प्रत्येक गिबवर आणि प्रत्येक पिशवीतल्या बोल्टवर चिठ्ठी हवी, आणि सोडण्याआधी फोटो. कॉलम मात्र सुटा झाला तरी जडच असतो. त्याच्यासाठी जिन्याला खालून टेकू देतात, पायऱ्यांवर जाड फळ्या टाकून घसरण करतात आणि कॉलम आडवा बांधून वरून विंचने इंचाइंचाने सोडतात. जो जिना एकदा उतरला तो पुढे कधीतरी चढावाही लागणार आहे, हा विचार करून अनेक जण तळघराचा बेत सोडतात. मला तो शहाणपणा वाटतो.

जमीन सोसेल का? जमिनीवर टाकलेल्या चार इंची काँक्रीटची काळजी करायची गरज नसते. दीड टनाची गाडी तिथे चार तळहातांएवढ्या जागेवर उभी राहतेच. आपल्याकडे मात्र फ्लॅटमध्ये असं मशीन नेण्याचा विचार कोणी करत असेल तर थांबावं. भारतीय मानकात राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी प्रति चौरस मीटर सुमारे दोनशे किलोचा भार धरलेला असतो. हजार किलोचं मशीन अर्ध्या चौरस मीटरवर उभं राहिलं तर त्या जागी दोन हजार किलोंच्या आसपास होतात. हे मशीन तळमजल्यालाच, तेही मातीवर बसलेल्या जमिनीवर शोभतं.

मशीन जागेवर पोचलं की वीज. ब्रिजपोर्टची मोटर दीड-दोन अश्वशक्तीची आणि बहुधा थ्री-फेज असते. अमेरिकी घरांत थ्री-फेज जवळजवळ नसतंच. त्यावर चालणारा उत्तम उपाय म्हणजे व्हीएफडी. हे उपकरण सिंगल-फेज घेतं, आत त्याचा डीसी करतं आणि त्यातून हव्या त्या वारंवारितेचं थ्री-फेज बनवतं. सगळा भार एकाच फेजमधून येत असल्याने आत येणारा प्रवाह जास्त असतो, म्हणून दोन अश्वशक्तीच्या मोटरला तीनचा व्हीएफडी घेतात. मशीनवरचा पुढे-मागे फिरवायचा जुना स्विच व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये ठेवू नये. चालू असताना ती जोडणी तुटली तर उपकरण जळू शकतं. तारा थेट मोटरला न्याव्यात आणि जुन्या स्विचला व्हीएफडीला इशारा देण्याच्या कामावर लावावं. महाराष्ट्रात घरालाही महावितरणची थ्री-फेज जोडणी मिळते, म्हणून इथल्या हौशी कारागिराला हा सगळा भाग सोपा आहे.

सफाईला केरोसीन आणि पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी. सरकपट्ट्यांवर सँडपेपर फिरवला तर स्क्रेपिंगच्या खुणा जातात, आणि त्या खुणाच तेल धरून ठेवतात. मध्यवर्ती तेलपंप असेल तर दांडा ओढून प्रत्येक पट्टीपर्यंत तेल खरंच पोचतं का ते पाहावं. जुन्या नळ्या चिकट मळाने बुजलेल्या असतात, आणि एक नळी कोरडी राहिली की तेवढ्याच जागेची झीज वर्षभरात दिसू लागते. पट्ट्यांना स्लाइडवे ऑइल, आयएसओ ६८ ग्रेडचं. गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही. ते सरकपट्टीवर टिकून राहत नाही आणि कूलंटबरोबर धुऊन जातं.

पातळीत बसवण्याबद्दल बरंच बोललं जातं. लेथच्या बाबतीत ते खरं आहे, कारण लांब बेड पिळला जातो. मिलिंग मशीनचा जाड कॉलम सहज पिळत नाही. त्याला पाण्याच्या पातळीइतकं समतल नसलं तरी चालतं, पण ते डुगडुगता कामा नये. चारही कोपऱ्यांवर सारखा भार येईल असे पोलादी पत्रे बैठकीखाली घालावेत. कागदाची पट्टी प्रत्येक कोपऱ्याखाली ओढून बघितली की कोणता कोपरा हवेत आहे ते कळतं.

उलटं केलेलं हेड सरळ झाल्यावर अंदाजाने सरळ चालत नाही. स्पिंडलला डायल इंडिकेटर लावून तो टेबलावर गोल फिरवायचा, टेबलाच्या रुंदीत मावेल तेवढ्या वर्तुळात. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे काटा किती सरकतो ते लिहायचं. टेबलावरचा बुरा आणि उमटलेले बारीक उंचवटे आधी तेलदगडाने काढावेत, नाहीतर काटा खोटं सांगतो. डाव्या-उजव्या वाचनात फरक असेल तर चार नट किंचित सैल ठेवून वर्म फिरवायचा. पुढच्या-मागच्या फरकाला हेडचा दुसरा, पुढे-मागे कलण्याचा वर्म आहे. नट आवळताना हेड पुन्हा थोडं सरकतं, म्हणून ते एकदम न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळत प्रत्येक वेळी काटा बघायचा. पुरत्या वर्तुळात दोन शतांश मिलिमीटरच्या आत आलं की घरच्या कामाला पुरेसं आहे. हे पहिल्यांदा करताना अर्धी दुपार जाते. ती घालवावी, कारण हेड तिरकं असेल तर सपाट केलेल्या तुकड्यावर कटरच्या एकाच बाजूच्या दातांच्या खुणा राहतात आणि मोठ्या कटरने कापलेला पृष्ठभाग किंचित खोलगट होतो. मग एक ॲल्युमिनियमचा ठोकळा व्हाइसमध्ये धरून पातळ काप घ्यावा. कटरच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही दातांच्या एकमेकांना छेदणाऱ्या कमानी त्यावर सारख्या उमटल्या, तर हेड जागेवर आलं आहे.